किल्ली लागली, पण कुलूप उघडले का?

औषध शरीरात जाऊन नेमके काय करते असे कोणाला विचारले, तर बहुधा ठरलेले उत्तर मिळते : "रोगाला मारते." जंतूंपासून होणाऱ्या रोगांपुरते हे उत्तर बऱ्याच अंशी खरे आहे. परंतु रक्तदाब, हृदयशूल, दमा किंवा मधुमेह या विकारांत मारावयास बाहेरचा शत्रूच नसतो. तेथे औषधाला शरीराच्याच यंत्रणेतील एखादे कुलूप शोधून काढावे लागते, आणि ते उघडावे तरी लागते किंवा बंद तरी करावे लागते. हे कुलूप कसले, औषध त्याला कसे लागते, आणि लागल्यावर ते उघडते कसे, हे एका उदाहरणाच्या आधारे सांगावे असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उदाहरण म्हणून मी छातीत कळ आली असता जिभेखाली ठेवावयाची गोळी घेतली आहे. ती आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी देवळीत किंवा वडीलधाऱ्यांच्या खिशात असते. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. शास्त्र शाखेच्या मित्रांना यातील काही भाग परिचित वाटेल, त्यांनी तो ओलांडून पुढे जावे. पण हा विषय केवळ प्रयोगशाळेचा नाही. गोळी कोणत्या वेळी घ्यावी, कशाबरोबर घेऊ नये, कोठे ठेवावी, या साध्या दिसणाऱ्या सूचनांची कारणे त्या कुलपाच्या रचनेतच दडलेली आहेत. कारण ठाऊक नसले की माणूस सूचना मोडतो, आणि येथे सूचना मोडणे जिवावर बेतू शकते.

ग्राही म्हणजे काय?

शरीरातील रासायनिक क्रिया शीघ्र घडवून आणणाऱ्या प्रथिनांना विकर किंवा एन्झाइम म्हणतात. विकर आणि ज्या पदार्थावर ते काम करते तो पदार्थ यांची जोडी कुलूप-किल्लीसारखी असते, असे एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८९४ साली मांडले. पुढे १९०५ मध्ये केंब्रिजच्या जॉन लँगलीने असा विचार पुढे केला की, निकोटिनसारखे पदार्थ स्नायूवर वाटेल तेथे परिणाम करीत नाहीत. त्यांना धरून ठेवणारे एक विशिष्ट ग्रहणशील द्रव्य पेशीत असले पाहिजे. त्या वेळी हा केवळ तर्क होता. आज त्यालाच आपण ग्राही म्हणतो आणि त्यातील शेकडो ग्राहींची रचना अणूच्या पातळीपर्यंत ठाऊक झालेली आहे.

फिशरच्या दाखल्यात एक उणीव होती. लोखंडी कुलूप किल्ली लागल्याने आपला आकार बदलीत नाही. प्रथिन मात्र बदलते. १९५८ साली डॅनियल कॉशलंड या अमेरिकन शास्त्रज्ञाने ही गोष्ट स्पष्ट केली. हात घातल्यावर हातमोजा जसा आकार घेतो, तसे प्रथिन समोरच्या रेणूला सामावून घेताना स्वतः वळते, सरकते. हे वळणे हीच पुढच्या सर्व घडामोडींची सुरुवात होय.

आपल्या भागात कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषा कानांवर पडतात, म्हणून येथे एका शब्दाकडे लक्ष वेधतो. किल्लीला कन्नडमध्ये 'कीलीकै' म्हणतात, आणि 'कै' म्हणजे हात. हा शब्द या विषयाला फार समर्पक आहे. किल्ली कुलपात जाणे हे एक काम, आणि हाताने ती फिरणे हे दुसरे. औषधशास्त्रातही ग्राहीला चिकटणे निराळे आणि ग्राहीला जागे करणे निराळे. पहिल्याला बंधन म्हणू, दुसऱ्याला उद्दीपन म्हणू. जो रेणू चिकटतो पण फिरत नाही, तो उलट खऱ्या किल्लीची वाट अडवितो. असे अडविणारे रेणूही औषध म्हणून उपयोगी पडतात. रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्रोप्रॅनोलॉलसारखी औषधे याच जातीची आहेत. प्रस्तुत लेखात आपल्याला मात्र फिरणाऱ्या किल्लीचा विचार करावयाचा आहे.

ग्राही अनेक प्रकारचे असतात. त्यांपैकी काही स्वतःच विकर असतात. म्हणजे एका टोकाने निरोप घेतात आणि दुसऱ्या टोकाने लगेच रासायनिक काम सुरू करतात. निरोप्या आणि कारागीर एकच. मधुमेहाच्या संदर्भात ऐकू येणारा इन्शुलिनचा ग्राही या प्रकारचा आहे. आपले उदाहरणही याच प्रकारचे आहे. त्याचे नाव ग्वानिलेट सायक्लेज. पेशीच्या आवरणात न बसता पेशीच्या आतल्या द्रवात वावरणारे याचे जे रूप आहे, त्याचाच येथे विचार केला आहे.

स्फोटकाचे औषध झाले

या ग्राहीची कथा मोठी विलक्षण आहे, कारण किल्ली आधी सापडली आणि कुलूप शंभराहून अधिक वर्षांनी. १८४७ साली इटलीतील तुरिन येथे आस्कानिओ सोब्रेरो याने नायट्रोग्लिसरिन हा तेलकट द्रव प्रथम तयार केला. तो भयंकर स्फोटक होता. त्याचा किंचितसा अंश जिभेला लावला तरी डोके जोराने ठणकते, हेही सोब्रेरोच्या ध्यानात आले. पुढे आल्फ्रेड नोबेलने हा द्रव सच्छिद्र मातीत मुरवून तो हाताळण्याजोगा केला आणि १८६७ साली डायनामाइटचे पेटंट घेतले.

योगायोग असा की, त्याच १८६७ साली लॉडर ब्रंटन या डॉक्टराने अमिल नायट्राइट हुंगविल्याने हृदयशूलाची कळ थांबते असे प्रसिद्ध केले. त्यानंतर १८७९ साली लंडनचे डॉक्टर विल्यम मरेल यांनी नायट्रोग्लिसरिन अतिशय सौम्य प्रमाणात देऊन तोच गुण येतो हे दाखविले. जे डोके ठणकविते तेच छातीची कळ थांबविते, कारण दोन्ही ठिकाणी होते एकच : रक्तवाहिन्या सैल पडतात. नोबेलला स्वतःला आयुष्याच्या अखेरीस हृदयविकार जडला आणि डॉक्टरांनी त्याला नायट्रोग्लिसरिनच घ्यावयास सांगितले. १८९६ च्या डिसेंबरात तो वारला. औषध गुण देत होते, पण ते गुण का देते हे ना त्याला ठाऊक होते, ना त्याच्या डॉक्टरांना.

वायूचा निरोप

हे कोडे सुटावयास १९७७ साल उजाडावे लागले. अमेरिकेतील फरीद मुराद आणि त्यांचे सहकारी ग्वानिलेट सायक्लेज या विकराचा अभ्यास करीत होते. नायट्रोग्लिसरिन व त्याच्या जातीची औषधे दिली की हे विकर जागे होते असे त्यांना आढळले. या सर्व औषधांत समान काय, याचा शोध घेता उत्तर मिळाले की यांच्यापासून नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो. एक नायट्रोजन आणि एक ऑक्सिजन, एवढाच त्याचा रेणू. शस्त्रक्रियेच्या वेळी हुंगवितात तो नायट्रस ऑक्साइड निराळा; हा वाहनांच्या धुरात सापडणारा, प्रदूषक म्हणून ओळखला जाणारा वायू. असा वायू पेशीला निरोप देतो, हे त्या काळी पटण्यासारखे नव्हते.

दुसरीकडे न्यू यॉर्कमध्ये रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महारोहिणीच्या पट्ट्यांवर प्रयोग करीत होते. असिटिलकोलिन या द्रव्याने पट्टी कधी आकसे, तर कधी सैल पडे. बारकाईने पाहता कारण हाती लागले. रक्तवाहिनीला आतून पेशींचे अतिशय पातळ अस्तर असते. पट्टी कापताना ते घासले गेले तर पट्टी आकसते, शाबूत राहिले तर सैल पडते. फर्चगॉट यांनी अस्तर गेलेली पट्टी अस्तर असलेल्या पट्टीला चिकटवून ठेवली, तेव्हा अस्तर नसलेली पट्टीही सैल पडली. म्हणजे अस्तरातून काहीतरी सुटून शेजारच्या स्नायूपर्यंत जात होते. हे १९८० साली प्रसिद्ध झाले. ते 'काहीतरी' म्हणजे नायट्रिक ऑक्साइडच असावे असे १९८६ साली फर्चगॉट आणि लुई इग्नारो यांनी स्वतंत्रपणे सुचविले, आणि १९८७ साली इग्नारो यांच्या आणि इंग्लंडमधील साल्वादोर मोंकाडा यांच्या गटांनी त्याला प्रयोगाचा आधार दिला.

१९९८ साली फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. डायनामाइटच्या उत्पन्नातून उभ्या राहिलेल्या निधीतून, डायनामाइटमधल्याच द्रव्याचा उलगडा करणाऱ्यांचा गौरव झाला.

या साऱ्याचा मथितार्थ लक्षात घेण्यासारखा आहे. गोळी शरीरात काही नवे, परके काम करीत नाही. आपल्या रक्तवाहिन्यांचे अस्तर आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड नित्य तयार करीतच असते. ज्याचे अस्तर रोगाने दुबळे झाले आहे त्याच्याकडे हा निरोप अपुरा पडतो. गोळी तो बाहेरून पुरविते, एवढेच.

संयुक्त खात्याचे कुलूप

आता प्रत्यक्ष ग्राहीकडे वळू. ग्वानिलेट सायक्लेज हे दोन प्रथिनसाखळ्यांचे बनलेले असते. एकीला अल्फा म्हणतात, दुसरीला बीटा. वाणिज्य शाखेच्या वाचकांसाठी सांगावयाचे तर हे दोन सह्यांचे संयुक्त खाते आहे. ज्या जागी रासायनिक काम होते ती जागा दोन साखळ्यांच्या सांध्यावर आहे. तिचा काही भाग अल्फाचा, काही बीटाचा. एकटीच्या सहीवर व्यवहार होत नाही.

निरोप घेण्याची जागा मात्र बीटा साखळीच्या दुसऱ्या टोकाला आहे. तेथे एका खोबणीत हीम नावाचा चपटा रेणू बसलेला असून त्याच्या मध्यभागी लोहाचा एक अणू असतो. रक्ताला लाल रंग देणाऱ्या हीमोग्लोबिनमध्येही हेच हीम असते. हा लोहाचा अणू एका बाजूने बीटा साखळीतील १०५ व्या क्रमांकाच्या हिस्टिडिन या अमिनो आम्लाला जोडलेला असतो. हा जोड म्हणजे कुलपाची कडी समजावी.

नायट्रिक ऑक्साइडचा रेणू आला की तो लोहाला येऊन चिकटतो. चिकटताच लोह आणि हिस्टिडिन यांच्यातील जोड तुटतो, कडी निघते. कडी निघाल्यामुळे त्या टोकाचा आकार बदलतो. हे टोक आणि कामाचे टोक यांच्यामध्ये पीळ घातलेल्या दोरांसारखा एक लांब भाग आहे. ग्राही निजलेला असतो तेव्हा हा भाग मध्ये वाकलेला असतो. निरोप पोचला की तो सरळ होतो आणि त्याच्या ओढीने पलीकडच्या टोकाची दोन पाती एकमेकींसापेक्ष फिरून कामाची जागा उघडते. मानवी ग्राहीची ही दोन्ही रूपे, वाकलेले आणि सरळ, अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने चीनमधील पेकिंग विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१९ साली प्रसिद्ध केली.

कामाची जागा उघडली म्हणजे काय होते? पेशीत जीटीपी नावाचा एक रेणू भरपूर असतो. ग्वानिलेट सायक्लेज त्याच्यापासून चक्रीय जीएमपी तयार करते. नायट्रिक ऑक्साइड आल्यावर या कामाचा वेग शेकडो पटींनी वाढतो. चक्रीय जीएमपी पुढे दुसऱ्या एका विकराला जागे करते. त्यामुळे स्नायूपेशीतील कॅल्शियमची पातळी उतरते आणि रक्तवाहिनीच्या भिंतीतील स्नायू सैल पडतो. मुख्यतः नीला रुंदावतात, हृदयाकडे परतणारे रक्त थोडे कमी होते, हृदयावरचा भार हलका होतो, त्याची ऑक्सिजनची मागणी घटते आणि कळ थांबते. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे : ही गोळी रोहिणीतील अडथळा काढीत नाही. कळ थांबली म्हणजे रोग गेला असा तिचा अर्थ नव्हे.

न फिरणारी किल्ली

बंधन आणि उद्दीपन यांतील फरक या ग्राहीइतका स्वच्छ क्वचितच दिसतो. त्यासाठी तीन वायूंची तुलना करू.

पहिला ऑक्सिजन. हीमोग्लोबिनमधील हीमला तो सहज चिकटतो. त्यावरच आपला श्वासोच्छ्वास चालतो. पण ग्वानिलेट सायक्लेजमधील हीमला तो चिकटत नाही. हीम तेच, लोह तेच. घर मात्र निराळे आणि दाराशी उभा असलेला पहारेकरी निराळा. हे किती आवश्यक आहे पाहा. पेशीत नायट्रिक ऑक्साइडच्या मानाने ऑक्सिजन कितीतरी पटींनी अधिक असतो. तो जर या कुलपात शिरू शकला असता, तर नायट्रिक ऑक्साइडला जागाच उरली नसती.

दुसरा कार्बन मोनॉक्साइड, कोळशाच्या शेगडीच्या कोंडलेल्या धुरातील विषारी वायू. हा या ग्राहीच्या लोहाला चिकटतो. किल्ली कुलपात जाते. पण लोह आणि हिस्टिडिन यांचा जोड तो तोडीत नाही. कडी तशीच राहते, आणि विकराचा वेग जेमतेम दोन-चार पटींनी वाढतो.

तिसरा नायट्रिक ऑक्साइड. हा चिकटतो आणि कडीही काढतो. वेग शेकडो पट.

जागा तीच, लोहाचा अणू तोच. पण एक आत शिरत नाही, एक शिरतो पण फिरत नाही, आणि एक शिरून फिरतो. औषध ग्राहीला चिकटते एवढे सिद्ध झाले म्हणजे ते गुणकारी आहे असे का म्हणता येत नाही, हे यावरून कळावे.

नव्या औषधांच्या दोन वाटा

नायट्रोग्लिसरिनची वाट म्हणजे खरी किल्ली बाहेरून आणून देण्याची वाट. शास्त्रज्ञांनी पुढे आणखी दोन वाटा शोधल्या, आणि त्या दोन्ही कुलपाची रचना नीट पाहिल्यामुळे सापडल्या.

एका वाटेने जाणारी औषधे हीमला हातच लावीत नाहीत. हीमची खोबण आणि तो पीळदार भाग यांच्यामध्ये असलेल्या निराळ्याच फटीत ती बसतात आणि ग्राहीला सरळ रूपात टिकून राहण्यास मदत करतात. त्यामुळे नायट्रिक ऑक्साइड थोडे असले तरी पुरते. जणू गंजक्या कुलपात तेलाचे चार थेंब सोडले. १९९० च्या दशकात या जातीचा पहिला रेणू अभ्यासला गेला. त्याच्या साहाय्याने, एरवी न फिरणारी कार्बन मोनॉक्साइडची किल्लीसुद्धा चांगली फिरते असे दिसून आले. या वाटेवरचे रिओसिग्वाट हे औषध अमेरिकेत २०१३ साली फुफ्फुसांतील रोहिणींच्या वाढलेल्या दाबासाठी मान्य झाले, आणि व्हेरिसिग्वाट २०२१ साली हृदय दुर्बल झालेल्या विशिष्ट रुग्णांसाठी.

दुसरी वाट त्याहून धाडसी आहे. धूम्रपान, मधुमेह इत्यादींमुळे शरीरात ऑक्सिडेशनचा ताण वाढला की हीममधील लोहाचे रूप पालटते. साध्या भाषेत ते गंजते. असे हीम नायट्रिक ऑक्साइडच्या निरोपाला दाद देत नाही, आणि खोबणीतून गळूनही पडते. मग खरी किल्ली कितीही दिली तरी उपयोग नाही, कारण कुलपाचा गाभाच नाहीसा झालेला असतो. सिनासिग्वाट नावाचा रेणू त्या रिकाम्या खोबणीत हीमच्या जागी जाऊन बसतो आणि कडी निघाल्यासारखी स्थिती निर्माण करतो. कल्पना उत्तम होती. परंतु तीव्र हृदयदौर्बल्याच्या रुग्णांवर चाचणी घेताना अनेकांचा रक्तदाब फार उतरला आणि ती चाचणी वेळेआधी थांबवावी लागली. कुलूप उघडता येणे आणि ते योग्य तेवढेच उघडणे, या पुन्हा दोन गोष्टी आहेत.

आकड्यांचा विद्यार्थी म्हणून येथे एक हिशेबही मांडतो. व्हेरिसिग्वाटची मोठी चाचणी ५०५० रुग्णांवर झाली आणि तिचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. हृदयविकाराने मृत्यू किंवा हृदयदौर्बल्यासाठी रुग्णालयात दाखल होणे, यांपैकी एक घटना औषध न घेणाऱ्यांत शेकडा ३८.५ जणांच्या बाबतीत घडली, औषध घेणाऱ्यांत शेकडा ३५.५. फरक शंभरात तीन. ज्या तिघांचा तो आहे त्यांच्यासाठी फरक मोठाच, पण चमत्कार नव्हे. वर्तमानपत्रात 'क्रांतिकारक औषध' असा मथळा वाचताना हा शंभरातील तीनाचा आकडा आठवावा.

जमा आणि खर्च

चक्रीय जीएमपी पेशीत साठून राहात नाही. एकीकडे ग्वानिलेट सायक्लेज ते तयार करते, तर दुसरीकडे फॉस्फोडायएस्टरेज-५ नावाचे विकर ते मोडून टाकते. एक जमेची बाजू, एक खर्चाची. कोणत्याही क्षणी शिल्लक किती, हे दोहोंवर अवलंबून असते.

नायट्रोग्लिसरिन आणि त्याच्या जातीची औषधे जमा वाढवितात. सिल्डेनाफिल आणि त्याच्या जातीची औषधे खर्च रोखतात. सिल्डेनाफिलचा प्रारंभी विचार हृदयशूलासाठीच झाला होता. पुढे ते दुसऱ्याच उपयोगासाठी १९९८ साली बाजारात आले, आणि नंतर फुफ्फुसांतील रोहिणींच्या दाबावरही मान्य झाले. ही दोन औषधे एकाच वेळी घेतली तर काय होईल, हे जमाखर्च शिकलेल्या कोणालाही सांगता येईल. जमा अनेक पटींनी वाढली आणि खर्च बंद झाला. शिल्लक बेसुमार फुगणार. रक्तवाहिन्या इतक्या सैल पडतात की रक्तदाब कोसळतो आणि मृत्यूही येऊ शकतो. रिओसिग्वाटसुद्धा या दोन्ही प्रकारच्या औषधांबरोबर देत नाहीत, ते याच कारणासाठी. संकोचाने डॉक्टरांपासून एक औषध लपवून ठेवणे किती महाग पडू शकते, हे यावरून दिसते. छातीत दुखते म्हणून रुग्णालयात नेलेल्या माणसाने ही माहिती न विचारता द्यावी, आणि विचारली तर खरी द्यावी.

कुलूप दमते तेव्हा

डायनामाइटच्या कारखान्यांत जुन्या काळी एक विचित्र दुखणे होते. सोमवारी कामावर आलेल्या कामगारांचे डोके भयंकर दुखे. मंगळवार-बुधवारपर्यंत ते थांबे. रविवारची सुट्टी झाली की सोमवारी पुन्हा सुरू. हवेतील नायट्रोग्लिसरिन श्वासावाटे आणि त्वचेतून अंगात जाई. दोन-तीन दिवसांत शरीर त्याला सरावे, आणि सुट्टीत तो सराव मोडे. काही कामगार टोपीच्या पट्टीला थोडे नायट्रोग्लिसरिन चोळून घरी नेत, म्हणजे सोमवार सुखाचा जाई. उलट काहींना सुट्टीच्या दिवशी, सराव झालेले द्रव्य न मिळाल्याने, छातीत कळ येई.

या सरावाचे एक कारण २००२ साली पुढे आले. नायट्रोग्लिसरिन स्वतः किल्ली नव्हे. तिच्यातून किल्ली घडवावी लागते. हे काम पेशीतील मायटोकाँड्रियामधले एक विकर करते, आणि ते करता करता स्वतःच निकामी होत जाते. विश्रांती मिळाली तर नवे विकर तयार होते. सतत औषध चालू ठेवले तर लोहार थकतो आणि लोखंड कितीही दिले तरी किल्ल्या घडत नाहीत. सरावाला इतरही कारणे आहेत. परंतु त्यावर उपाय एकच सापडला आहे, आणि तो म्हणजे रोज काही तास औषधाला सुट्टी देणे.

आमच्या आज्जीला याच कुटुंबातील आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेटची गोळी दिवसातून दोनदा आहे : सकाळी आठला एक आणि दुपारी तीनला दुसरी. तिला हे विपरीत वाटे. दिवसातून दोनदा म्हणजे सकाळ-संध्याकाळ, देवापुढे दिवा लावतो तसे; मग दुपारी तीन कशाला? डॉक्टरांनी घाईत लिहिले असेल, असे म्हणून ती दुसरी गोळी रात्री जेवणानंतर घेण्याच्या बेतात होती. वरवर पाहता बारा-बारा तासांची समान वाटणी अधिक शिस्तीची दिसते. पण तसे केले तर शरीराला औषधापासून मोकळीक कधीच मिळत नाही, आणि काही दिवसांत दोन्ही गोळ्यांचा गुण उतरू लागतो. तीन वाजता घेतलेली गोळी रात्रीपर्यंत उतरते आणि पहाटेपर्यंतचा काळ मोकळा राहतो. मी तिला सांगितले, "आज्जी, गड्याला रात्रीची सुट्टी दिली नाही तर तो सकाळी कामाला येईल का?" तेव्हापासून ती घड्याळात तीन वाजण्याची वाट पाहते. सुट्टीचे तास कोणते, हे प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत डॉक्टरच ठरवितात; आपण मनाने बदलू नयेत आणि अचानक बंदही करू नये.

व्यवहारात काय लक्षात ठेवावे?

वरील विवेचनातून काही गोष्टी आपोआप निघतात.

१. तातडीची गोळी जिभेखाली ठेवतात, गिळीत नाहीत. गिळली तर ती आतड्यातून प्रथम यकृतात जाते आणि तेथेच तिचा बराचसा भाग मोडला जातो. जिभेखालच्या नीलांतून ती थेट रक्तात मिसळते.

२. गोळी बसून घ्यावी. रक्तवाहिन्या सैल पडल्याने रक्तदाब उतरतो. उभा माणूस घेरी येऊन पडू शकतो.

३. नायट्रोग्लिसरिन उडून जाणारे द्रव्य आहे. काचेच्या बाटलीतून मिळणारी त्याची गोळी त्याच बाटलीत, झाकण घट्ट लावून, ऊन आणि उष्णता यांपासून दूर ठेवावी. कापसात किंवा प्लास्टिकच्या पुडीत बांधून ठेवल्यास औषध त्यात शोषले जाते आणि ऐन वेळी हाती नुसती खडू राहते.

४. छातीतील प्रत्येक दुखण्याला ही गोळी नव्हे. ज्याचा रक्तदाब आधीच उतरलेला आहे त्याला ती दिल्यास अपाय होतो. "आमच्या काकांना लागू पडली" म्हणून शेजाऱ्याला देऊ नये.

५. ज्याला डॉक्टरांनी ही गोळी दिलेली आहे त्याची कळ गोळीनंतर पाच मिनिटांत थांबली नाही, तर आणखी वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. गोळी भार हलका करते. अडथळा काढण्याचे काम रुग्णालयातच होते.

समारोप

सोब्रेरोने जिभेला थेंब लावला तेव्हापासून मानवी ग्राहीचे रूप उघड होईपर्यंत १७२ वर्षे गेली. मधल्या काळात लक्षावधी लोकांना गोळीचा गुण आला. तेव्हा कारण कळल्याने अधिक काय मिळाले, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, नुसत्या अनुभवाने 'ही गोळी लागू पडते' एवढेच कळत होते. ती केव्हा लागू पडणार नाही, कोणाला मारक ठरेल, तिला विश्रांती का हवी, आणि गाभा गमावलेल्या कुलपासाठी कोणती निराळी किल्ली घडवावी, हे कुलूप उघडून पाहिल्यावरच कळले. आपल्या घरी ज्या गोळ्या येतात त्यांच्याबाबत "ही कशासाठी?" एवढे आपण विचारतो. "ही कशी काम करते?" हा दुसरा प्रश्नही डॉक्टरांना किंवा औषध विक्रेत्याला विचारण्याची सवय आपण विद्यार्थ्यांनी लावून घ्यावी. घरातील वडीलमंडळी हा प्रश्न विचारावयास संकोचतात; त्यांच्या वतीने तो आपण विचारावा.